सत्तारभाईंचा शागिर्द

सत्तारभाईंसमोर आजवर कोणालाही आपलं वाक्य पुरं करता आलेलं नाही. तुम्ही त्यांच्या दुकानात शिरून "सत्तारभाई, जरा..." एवढं म्हणालात की ते उजव्या हाताची तीन बोटं वर करतात आणि एकेक बोट मिटत जातात. "एक, पानी पाह्यजे. दोन, कोनाचा तरी पत्ता इचाराचा हाये. तीन, लगनाचं कार्ड. नंबर सांगा." आपण नंबर सांगायचा. तुमचं काम या तिन्हींत बसत नसलं तर ते थोडे नाराज होतात, पुन्हा तीन बोटं वर करतात आणि नवे तीन अंदाज देतात. एकदा त्यांच्याच मीटरच्या वायरीतून धूर निघत होता. ते सांगायला आलेल्या भाजीवाल्याचं काम दुसऱ्या फेरीतही बसेना, तेव्हा त्यानं त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं आणि धूर दाखवला. "हे तिसऱ्या फेरीत आलं असतं," असं सत्तारभाईंचं आजही म्हणणं आहे.

हे सगळं आमच्या मालेगावातलं. वाशिम जिल्ह्यातलं मालेगाव. परक्या माणसाला हे आधी सांगावं लागतं, नाहीतर तो नाशिककडं निघतो. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं चष्म्याचं दुकान आहे आणि भिंतीला भिंत लागून सत्तारभाईंची प्रेस. प्रेस म्हणजे एक खोली, एक कॉम्प्युटर आणि कुरकुरणारं छपाईचं यंत्र. गणपतीचे, चाँदताऱ्याचे, पिंपळपानाचे असे लग्नपत्रिकांचे नमुने एकाच दोरीला चिमट्यांनी टांगलेले असतात. पंचक्रोशीतल्या निम्म्या लग्नांचं कार्ड या खोलीतून निघतं. बाकीची लग्नं सत्तारभाईंच्या मते नीट टिकत नाहीत.

माणूस जन्मतः असा नव्हता. वर्षानुवर्षं कार्डं टाइप करून त्यांच्या अंगठ्यापासून मनगटापर्यंत कळ यायला लागली. वाशिमच्या डॉक्टरांनी सांगितलं, एकतर धंदा सोडा, नाहीतर टायपिंग कमी करा. "धंदा सोडला तं खाऊ काय? म्हनून म्या बटनं सोडली," असं ते सांगतात. कॉम्प्युटर क्लासवाल्या एका ओळखीच्या माणसानं त्यांना एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. पहिलं अक्षर दाबलं की ते पुढचा शब्द ओळखतं, एका छोट्या चौकटीत तीन शब्द नंबर घालून पुढं करतं. हवा तो नंबर दाबायचा, शब्द आपोआप उमटतो. आपण जे लिहू ते त्याच्या लक्षात राहतं आणि हळूहळू शब्दांच्या ओळीच्या ओळी पुढं करायला लागतं. त्याचं मूळ नाव इंग्रजीत होतं आणि उच्चारायला लांब होतं. सत्तारभाईंनी त्याचं नाव ठेवलं शागिर्द.

सुरुवातीला शागिर्द अगदीच अडाणी होता. त्याला वाशिम जिल्हा माहीत नव्हता. सत्तारभाईंना गावाचं नाव लिहायचं असायचं रिठद. ते 'रि' दाबायचे आणि शागिर्द विचारायचा, रिकामा? रिवाज? रिक्षा? मग भिंतीपलीकडून आवाज यायचा, "अबे, रिठद म्हन रिठद. रिकामा कोन हाये इथं?" माझ्या दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकांना वाटायचं, आत कोणी पोरगा मार खातोय. मी त्यांना समजावून सांगायचो आणि त्यांची समजूत कधीच पटायची नाही.

पण उस्ताद चिकाटीचा होता. वर्षा-दोन वर्षांत शागिर्दाला तालुक्यातली झाडून सगळी गावं पाठ झाली. 'ज्ये' म्हटलं की 'ज्येष्ठ कन्या', 'आम' म्हटलं की 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' अशी चिल्ल्यापिल्ल्यांची आख्खी ओळ एका फटक्यात. प्रत्येक वाचलेल्या बटनाचा सत्तारभाईंना मनापासून आनंद व्हायचा. "बटन वाचलं का सांधा वाचला," हे त्यांचं पालुपद. पुढं पुढं ते माणसंही त्याच मापानं मोजायला लागले. एखादं घराणं चांगलं म्हणजे त्याची नावं छोटी आणि गाव शागिर्दाच्या ओळखीचं. एका ओळखीच्याला मुलगी झाली, तेव्हा ते दवाखान्यात जाऊन सांगून आले की नाव उमा ठेवा, लग्नाच्या वेळी दुवा द्याल. घरच्यांनी हिरण्मयी ठेवलं. त्या दिवशी सत्तारभाई दुपारभर कोणाशी बोलले नाहीत.

मग ही शागिर्दाची खोड उस्तादालाच लागली. कोणी बोलायला तोंड उघडलं की हे पुढचं सांगून मोकळे. त्यांच्या मते ते समोरच्याचा दम वाचवतात. घरी जुबेदाभाभींनी यावर आपला उपाय काढला आहे. हे जेवायला बसताना तीन बोटं वर करून भाजीचा अंदाज बांधू लागले की त्या चौथं बोट वर करतात. चौथं म्हणजे आज आपापलं वाढून घ्या.

इतकं असलं तरी एका बाबतीत सत्तारभाई फार कडक होते. कार्डाच्या मजकुरात स्वतःचं डोकं चालवायचं नाही. आमच्याकडं कार्ड म्हणजे फक्त तारीख-वेळ कळवण्याची सोय नसते. कोणाचं नाव आलं, कोणाचं राहिलं, कोण वर, कोण खाली, यावर माणसं पिढ्यान्‌पिढ्या रुसतात. त्यातही मामाचं नाव म्हणजे विस्तव. नवरीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा. त्याचं नाव चुकलं तर नवरीची आई आयुष्यभर माहेरचं तोंड कसं पाहणार? म्हणून सत्तारभाई गिऱ्हाइकानं सांगितलं तेच छापायचे, आणि छापण्याआधी कच्च्या प्रतीवर त्याची सही घ्यायचे. "मजकूर गिऱ्हाइकाचा, कागद माहा," असं ते म्हणायचे. सही करणारा गडी बहुधा स्वतःचं नाव तेवढं वाचायचा आणि पेन परत द्यायचा, ही गोष्ट वेगळी.

किन्हीराजा गावचे विठ्ठलराव हे असेच सही करणारे. बागायती माणूस, वांगी आणि मेथी घेऊन मालेगावच्या बाजारात येणारे, त्यामुळे आम्हा सगळ्यांच्या ओळखीचे. त्यांच्या धाकट्या मुलीचं, वर्षाचं लग्न ठरलं. वर्षाचे सख्खे मामा नामदेवराव रिठदचे. थोरल्या मुलीच्या लग्नात मांडवात मानाची टोपी घालताना विठ्ठलरावांनी आधी व्याह्यांच्या गावच्या सरपंचाला घातली आणि मग मेहुण्याला. नामदेवरावांनी ती टोपी घेतली, घडी करून खुर्चीवर ठेवली आणि न जेवता निघून गेले. त्या दिवसापासून बोलणं बंद. विठ्ठलरावांची बायको, कमलाबाई, तेव्हापासून राखीला माहेरी गेली नव्हती. हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं, कारण विठ्ठलराव वांगी मोजतानाही तोच विषय काढायचे.

वर्षाच्या कार्डाचा मजकूर सांगायला ते आले, तेव्हा मी तिथंच होतो. मामाच्या ओळीत एकट्या चुलत मामाचं नाव घालायचं, हे त्यांनी सत्तारभाईंना दोनदा बजावलं. वर्षाचं काय म्हणणं आहे, असं मी सहज विचारलं. पोरगी दोन दिवस जेवली नव्हती, असं ते तिसरीकडंच बघत म्हणाले. मामानं आणल्याशिवाय बोहल्यावर चढणार नाही, असं तिनं आईला सांगितलं होतं. विठ्ठलरावांना त्याचा राग आला होता आणि रागाखाली काय होतं ते त्यांना दाखवायचं नव्हतं.

कच्च्या प्रतीवर त्यांनी सही केली ती चष्म्यावाचून. चष्मा माझ्याकडं होता. जुन्याची दांडी मोडली होती आणि नंबरही वाढला होता. कार्डं छापून झाली, त्यांच्या मुलानं गठ्ठे नेले आणि मोटरसायकलवर गावोगाव वाटायला सुरुवात केली. त्यानंतर विठ्ठलराव माझ्याकडं नवा चष्मा न्यायला आले.

नंबर तपासायचा तक्ता माझ्या भिंतीवर आहे. पण गिऱ्हाइकाला हातातलं काहीतरी वाचून बघितल्याशिवाय खात्री वाटत नाही. विठ्ठलरावांच्या पिशवीतून पोरीच्या लग्नाचं कार्ड डोकावत होतं, मी म्हटलं, हेच वाचा. त्यांनी ते छातीपासून हातभर लांब धरलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. कुलदैवत झालं, मुलगी झाली, मुलगा झाला, मुहूर्त झाला. मामाच्या ओळीवर आवाज थांबला. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला आणि ती ओळ परत वाचली. मग माझ्याकडं बघून विचारलं, "नंबर चुकला काय?"

मी कार्ड हातात घेऊन पाहिलं. नंबर बरोबर होता. मामाच्या ओळीत पहिलं नाव होतं नामदेवराव, मुक्काम रिठद. चुलत मामा त्यांच्या खाली होते.

विठ्ठलराव भिंतीपलीकडं गेले आणि त्यांच्या मागं मी. आम्हाला पाहून सत्तारभाईंनी सवयीनं तीन बोटं वर केली. विठ्ठलरावांनी ती तिन्ही बोटं मुठीत धरली. नाव कोणी टाकलं, एवढंच त्यांनी विचारलं. सत्तारभाईंनी मोकळ्या हातानं कॉम्प्युटरकडं दाखवलं. थोरल्या पोरीचं कार्ड याच दुकानातलं, त्यातली ओळ शागिर्दाच्या ध्यानात होती, मामा म्हणताच त्यानं सगळी ओळ पुढं केली, असं त्यांनी सांगितलं. सही दाखवली. सगळी कार्डं फुकटात पुन्हा छापून देतो, असंही ते म्हणाले.

पण गेलेल्या कार्डांचं काय करणार? एक गठ्ठा रिठदलाही गेला होता. तिथं विठ्ठलरावांचे आणखी दोन सोयरे होते, त्यातला एक नामदेवरावांच्या समोरच्या घरात. विठ्ठलराव हळूच स्टुलावर बसले. आम्हा तिघांनाही एकच गोष्ट दिसत होती. नाव टाकलं नसतं तर तो राग झाला असता. नाव छापलं आणि कार्ड घरी दिलं नाही, हा सरळसरळ अपमान होता. आता रिठदला जाणं भाग होतं. नाव चुकून पडलं म्हणून सांगायला जायचं की कुंकू लावून आमंत्रण द्यायला, एवढंच ठरवायचं राहिलं होतं.

ते कमलाबाईंनी ठरवलं. विठ्ठलरावांनीच नंतर आम्हाला सांगितलं, की घरी जाऊन हा घोटाळा सांगितला तेव्हा बाई उठली. कपाटातलं चांगलं पातळ काढून नेसली, कुंकवाचा करंडा घेतला आणि मोटरसायकलजवळ जाऊन उभी राहिली. रिठदला नामदेवराव ओसरीवरच बसले होते आणि समोरच्या घरून आणलेलं कार्ड त्यांच्या मांडीवर होतं. बहिणीनं कुंकू लावलं, ते त्यांनी लावून घेतलं. मग मेहुण्याला विचारलं, "टोपी पयले कोनाले?"

"तुमाले," विठ्ठलराव म्हणाले.

त्यावर नामदेवरावांनी आत चहा सांगितला. कार्डावर नाव आहे म्हणून येतो, नाहीतर आलो नसतो, हेही स्पष्ट करून ठेवलं.

लग्नाला मी आणि सत्तारभाई माझ्या मोटरसायकलवर गेलो. किन्हीराजाच्या शाळेसमोर मांडव होता. विठ्ठलराव भेटेल त्याला सांगत होते, की मेहुण्याचं नाव कार्डावर मी स्वतःच घालायला लावलं होतं, किती दिवस धरून बसायचं. आमच्यासमोरही त्यांनी हे दोनदा सांगितलं, आणि नवा चष्मा असल्यामुळं आमच्या डोळ्याला डोळा देऊन सांगितलं. टोपी पहिल्यांदा नामदेवरावांना घातली गेली. त्यांनी ती घडी न करता डोक्यावर ठेवली.

भटजींनी मुलीच्या मामाला हाक दिली. नामदेवराव कोर्टात साक्षीला निघाल्यासारखे ताठ चालत आत गेले. बाहेर आले तेव्हा वर्षानं त्यांचा हात धरला होता आणि त्यांना समोरचं काही दिसत नव्हतं, इतके डोळे भरले होते. पोरगीच मामाला बोहल्याकडं नेत होती. कमलाबाई पदराआड तोंड घेऊन रडत होत्या. मला बरं वाटलं. एका चुकीतून एवढं चांगलं निघालं, म्हणून मी सत्तारभाईंना कोपर मारायला वळलो, तर ते शेजारी नव्हते. मांडवाच्या टोकाला कूलरच्या मागं उभं राहून ते त्या दोघांकडं बघत होते. जेवणाच्या पंगतीत वाढप्यानं काय वाढू विचारलं, तर त्यांनी त्याला त्याचं वाक्य पुरं करू दिलं.

परत येताना वाटेत जऊळका लागतं. सत्तारभाई मागून म्हणाले, चहा घेऊ. टपरीवर बसलो. मी आपला त्या लग्नाच्याच नादात होतो. शागिर्दाचा एक सत्कार केला पाहिजे, त्याच्या चुकीनं एक घर जोडलं, असं काहीतरी बोललो.

"शागिर्द चुकत नाई भाऊ," ते म्हणाले. "तो फकस्त इचारते. हो म्हनाचं का नाई, ते उस्तादाच्या हाती. म्या हो म्हनलं."

विठ्ठलरावांनी दोनदा बजावलेलं मी ऐकलं होतं. मजकूर गिऱ्हाइकाचा, या नियमाचं काय झालं, असं मी विचारलं. एक वेळ मोडला, असं ते शांतपणे म्हणाले. पोरगी जेवत नाही, हे ऐकल्यावर त्यांना राहवलं नव्हतं. सही घेताना विठ्ठलरावांच्या डोळ्यावर चष्मा नव्हता, हे त्यांनी पाहिलं होतं. उलटं झालं असतं, तर तालुक्यात त्यांच्याकडं पुन्हा कोणी कार्ड टाकलं नसतं, हेही त्यांना ठाऊक होतं.

मग त्यांनी रस्त्यापलीकडच्या पाण्याच्या टाकीकडं मान वळवली. टाकीच्या मागं माझी बहीण राहते, म्हणाले. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून बसलो, पण सत्तारभाईंना बहीण आहे हे मला माहीत नव्हतं. भांडण कशावरून झालं ते त्यांनाही आता नीट सांगता येईना. बोलण्यावरून बोलणं वाढलं होतं आणि मेहुण्यानं दार बंद केलं होतं. मागच्या वर्षी बहिणीच्या मुलीचा निकाह झाला. उर्दू आणि मराठी दोन्ही बाजूंनी छापणारी दुसरी प्रेस जवळपास नाही, म्हणून मजकूर कोणातरी तिसऱ्याच्या हाती त्यांच्याकडंच आला. त्यात सगळ्यांची नावं होती. मामूच्या जागी एका लांबच्या भावाचं नाव होतं.

"बहिनीच्या थोरल्या पोराचं कार्ड बी म्याच केलं होतं ना," सत्तारभाई म्हणाले. "म्हनून शागिर्दानं माहं नाव पुढं केलं. सत्तारमामू."

"मग?"

"मंग काय. म्या नंबर दाबला. नाव उमटलं. पाहलं थोडा वेळ, कसं दिसते ते. अन् पुसलं."

विठ्ठलरावांना फसवताना हा माणूस कचरला नव्हता, तर स्वतःचं नाव ठेवायला काय झालं होतं? मी तसं विचारलंही. दुसऱ्याच्या घरात घुसून नाव टाकता येतं, स्वतःच्या बहिणीच्या घरात तिनं बोलावल्याशिवाय कसं शिरायचं, असं ते म्हणाले. भाचीचा निकाहही असाच दुपारचा होता. त्या दिवशी ते दुकान उघडून बसले होते. मला आठवलंसुद्धा नाही, की तो दिवस इतर दिवसांपेक्षा काही वेगळा होता. मी शेजारीच होतो आणि मला काही कळलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

त्यांनी चहाचा घोट घेतला. दुखरा अंगठा दुसऱ्या हातानं चोळत ते म्हणाले, "आख्खी ओळ धरली तं एका बटनात पुसल्या जाते, भाऊ. म्या तसं नाई केलं. मांगून एक एक अक्षर पुसलं. तेवढा वेळ तं व्हतो ना मी कार्डावर."

मी चहाचे पैसे देऊन गाडी सुरू केली. सत्तारभाई मागं येऊन बसले नव्हते. रस्त्याच्या कडेला, टाकीकडं तोंड करून उभे होते. मी हॉर्न वाजवला नाही.